पाणी कुठवर आलं होतं

माणूस जातो, पण त्याचं काम पुसलं जात नाही.

हे वाक्य तुझ्या शोकसभेत प्राचार्यांनी म्हटलं, आवाज थोडा खाली आणून, आणि सभागृहातल्या बऱ्याच माना हलल्या. माझीही हलली असावी. वाक्य चांगलं आहे. अडचण एवढीच, नंदा, की तुझं काम पुसलं गेलं आहे. फेब्रुवारीत, पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात देऊन, तुझ्याच विद्यार्थ्यांकडून. ज्यांनी पुसायला लावलं तेच माईकवर होते.

सभा तुला आवडली असती असं मी म्हणणार नाही. हसू मात्र नक्की आलं असतं. स्टेजमागे भिंतभर फ्लेक्स, त्यावर हिरव्या पानांच्या महिरपीत 'वसुंधरेची लेक'. टेबलावर प्रत्येक वक्त्यापुढे पाण्याची प्लास्टिकची बाटली, छोटी, एका घोटाची. बाहेर मावळातला जुलै, आत एसी चालू, आणि एसीने गारठलेल्या बायका पदर लपेटून बसलेल्या. फोटो म्हणून मूल्यांकन समिती आली होती तेव्हाच्या ग्रुप फोटोतून तुला कापून काढलंय. तुझ्या डाव्या खांद्यावर चार बोटं दिसतात. ती माझी आहेत. मला कापलंय, बोटं राहिलीत.

एक वक्ते म्हणाले, निसर्गाच्या सान्निध्यात तिने देह ठेवला. मी ताडकन उठणार होते. शेजारी तुझी ताई बसली होती, तिने माझा हात धरला म्हणून बसले. तू चिक्कीच्या दुकानासमोर, दोन मोठ्या गाड्यांच्या मधे गेलीस. त्याबद्दल पुढे लिहिते. आत्ता लिहिलं तर बाकीचं लिहून होणार नाही.

सभा संपल्यावर प्राचार्य सरांनी मला बाजूला घेतलं. "स्मरणिकेला दोन पानं द्या, मॅडम. तुमच्याइतकं जवळचं कुणी नव्हतं. फक्त जरा सकारात्मक असू द्या."

हे ते नाही. त्यांना देईन ते वेगळं देईन, किंवा देणारच नाही.

तुला तो दिवस आठवत असेल, नवीन धोरण आलं आणि प्रत्येक मुलाला मुख्य विषयाबरोबर एक मायनर घ्यावा लागेल असं ठरलं तो. लग्नात टॉवेल-टोपी वाटतात तसे स्टाफरूममध्ये मायनर वाटले गेले. कुणाला काय मिळतंय याला अर्थ नव्हता, कुणी रिकाम्या हाताने जाऊ नये एवढाच हेतू. भूगोलवाली म्हणून तुझ्या ओंजळीत 'हवामान-सक्षमता आणि पर्यावरणीय शाश्वतता' पडलं. नाव एवढं लांब की नोटीस बोर्डावर ते दोन ओळींत मोडलं होतं आणि 'शाश्वतता' तिसऱ्या ओळीत एकटी उभी होती.

मी म्हटलं, "बघ, पृथ्वी टिकेल की नाही हा प्रश्न कॉलेजने मायनरला घातला. मेजर बी.कॉम."

तू म्हणालीस, "तुमच्या अर्थशास्त्रापेक्षा बरं. तुम्ही तो तळटीपेत घालता."

मुलं मात्र भरपूर आली. का आली हे तुलाही माहीत होतं. हा तास संपला की लोणावळ्याची दुपारची गाडी मिळायची, मानसशास्त्राचा संपला की चुकायची. आणि एक गाडी चुकली की पुढची कधी, हे या मार्गावरच्या माणसाला सांगायला नको. 'ग्रामीण विद्यार्थ्यांमध्ये शाश्वततेविषयी वाढती ओढ' असा परिच्छेद कॉलेजच्या अहवालात गेला. त्या ओढीचं उगमस्थान रेल्वेचं वेळापत्रक होतं.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर पांढरं अस्वल होतं, बर्फाच्या तुकड्यावर बसलेलं. दुसऱ्या प्रकरणात वाळवंट. तिसऱ्यात कुठल्या तरी बेटांचे पंतप्रधान. तेव्हा ती मुलगी उठली होती, प्रणाली, लोहगडवाडीची. गडाच्या पायथ्याशी तिच्या आईबापांची टपरी आहे, गड चढून आलेल्यांना पिठलं-भाकरी आणि मॅगी मिळते तिथे. ती म्हणाली, "मॅडम, यात सगळीकडं पाणी संपतंय असंच लिहिलंय. आमच्याकडं तर ते अंगावर येतं. त्याचं प्रकरण कितवं?"

पुढे कुणी तरी गोष्ट अशी रंगवली की तू पुस्तक मिटलंस आणि म्हणालीस, 'ते प्रकरण आपण लिहू.' शोकसभेतही ती तशीच सांगितली गेली. मी तुला तेव्हाच विचारलं होतं, की अगं, असं सिनेमातलं वाक्य खरंच म्हणालीस? तू म्हणालीस, "छे. मी म्हटलं, माहीत नाही गं, बघते." माझ्या दृष्टीने तू त्या वाक्याने प्राध्यापक झालीस. आमच्यापैकी बाकी कुणाला 'माहीत नाही' म्हणताना मी ऐकलेलं नाही.

मग तू ते प्रात्यक्षिक काढलंस. प्रत्येकाने आपल्या गावात जायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: सगळ्यांत मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? उत्तर तोंडी चालणार नाही, भिंतीवर हात ठेवून दाखवायचं. तिघांना वेगवेगळं विचारायचं, आणि तिघांनी एकच जागा दाखवली तरच घरमालकाला विचारून तिथे आडवी रेघ मारायची. त्यात तुझी एक अट होती, जी कुठल्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही: तिघं एका भावकीतले नकोत. "एका भावकीतले असले की एकतर आधी ठरवून बोलतात, नाहीतर मुद्दाम उलटं बोलतात," तू वर्गात सांगितलंस, आणि अर्धा वर्ग खाली मान घालून हसला.

रंगावरूनही घोळ झाला होता. निळा म्हटलं की एक गट, भगवा म्हटलं की दुसरा, हिरवा म्हटलं की तिसरा. शेवटी तू खिडकीच्या गजांना मारतात तो रेड ऑक्साइड आणलास. गंज लागू नये म्हणून मारायच्या रंगाचा झेंडा अजून कुणी केलेला नाही.

मी एकदाच तुझ्याबरोबर आले, इंद्रायणीकाठच्या त्या गावात. मला वाटलं होतं, तासाभरात कंटाळून परत येईन. प्रणालीने एका ओट्यामागच्या भिंतीवर रेघ मारली आणि पाच मिनिटांत गल्ली गोळा झाली. सगळ्यात पुढे एक आबा, हातात काठी, डोक्याला फडकं.

"मॅडम, किती जानार?"

"काय किती जाणार, आबा?"

"जागा. रेघंच्या खालची जानार का वरची?"

तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. या तालुक्यात बाहेरून आलेल्या माणसाने भिंतीवर रंग लावला की काहीतरी जातं. धरणाला जातं, रस्त्याला जातं, कंपनीला जातं. लोक रेघ बघून अर्थ लावत नाहीत, हिशोब लावतात. तू समजावलंस की काही जात नाही, पाण्याची खूण आहे.

"आसं व्हय. मंग मोबदला न्हाई?"

"नाही, आबा."

"मंग रंग कशापायी नासताय?"

समोरच्या दारातून एक मावशी ओरडली, "आन् रेघ चुकलीय. पानी हितवर न्हवतं, ह्या कोनाड्यापत्तुर आलतं. माज्या पिठाचा डबा तरंगत व्हता."

"तुजा डबा खालच्या फळीवर व्हता," आबा म्हणाले. "तरंगंल न्हाई तर काय करंल?"

"तुमी कवा बगितला? तुमी त्या दिशी लेकीकडं गेलतासा. आबा, न्हवता तितं साक्ष दिऊ नगा."

गल्ली खदखदली. रेघेच्या तिघांतली आबांची साक्ष बाद झाली, तू हसू न येऊ देता ती बाद केलीस, आणि प्रणाली तिसरा माणूस शोधायला गेली. आम्ही निघालो तर पाठीमागून एक बाई धावत आली, रागावलेली. "त्यांच्या भितीला रेघ मारली, आमच्या न्हाई? आमच्यात काय पानी आलं न्हाई व्हय?" पुराचाही मान असतो हे मला त्या दिवशी कळलं. परतीच्या वाटेवर तू म्हणालीस, "यातलं एक तरी घर पुढच्या वेळी धान्य रेघेच्या वर ठेवेल. बस." मी म्हटलं, "आणि एक तरी घर रेघेला हार घालेल." तो घातलाही. गणपतीत. तू मला फोटो पाठवलास, खाली काही न लिहिता.

तोवर सगळं गोड होतं. गावातल्या भिंतींवर रेघा होत्या तोवर कॉलेजला त्या 'समाजाभिमुख' वाटत होत्या. मग त्या गावाबाहेर पडल्या.

वराळ्याकडे राहणाऱ्या मुलांनी एका जुन्या गोठ्याच्या भिंतीवर रेघ मारली. तिघांनी एकच जागा दाखवली होती, भावकी वेगवेगळी होती, गोठ्याच्या मालकाची हरकत नव्हती. नंतर मी बघायला गेले तेव्हा रेघ माझ्या छातीला आली. शेजारी नव्या गृहप्रकल्पाचा फलक होता: 'नदीच्या कुशीत तुमचं घर'. रेघेने फक्त कुशीची उंची सांगितली. दुसरी रेघ कुसगावात, ओढ्याला लागून असलेल्या एका हॉटेलच्या कुंपणावर, मालक मुंबईत आणि परवानगी व्यवस्थापकाची. पाहुणे तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायला लागले आणि स्वागतकक्षात विचारायला लागले, की खालच्या खोल्या कुठल्या.

मग आपल्याला केबिनमध्ये बोलावलं. तुला बोलावलं होतं, मी सामाजिक शास्त्रांची प्रमुख या नात्याने घुसले. सरांनी चहा मागवला, आणि सर चहा मागवतात तेव्हा निर्णय झालेला असतो.

"कदम मॅडम, उपक्रम उत्तम. वादच नाही. भिंतींवर नको, एवढंच."

"मग पाणी कुठवर आलं होतं ते कुठे दाखवू, सर?"

"पीपीटी करा ना छान."

मी म्हटलं, "सर, पूर पीपीटीत येत नाही." त्यांनी माझ्याकडे न बघता मला बिस्कीट सरकवलं. पुढचं बोलणं ते पाठ करून आले होते. प्रात्यक्षिकाला लेखी पूर्वपरवानगी नव्हती. ते अवैध धरावं लागेल. मुलांच्या क्रेडिटचा प्रश्न होईल, मायनर अपुरा म्हणजे वर्ष अडकलं. नाहीतर स्वच्छता अभियान घेऊ, विद्यार्थीच सार्वजनिक विद्रूपीकरण दूर करतील, दोन्ही बाजूंना बरं. संस्थेच्या एका विश्वस्तांचे मेहुणे त्या गृहप्रकल्पात भागीदार आहेत, हे कुणी बोललं नाही. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट बोलायची पद्धत आपल्याकडे नाही.

तू म्हणालीस, "अभियान घ्या."

आपलं भांडण कॅन्टीनच्या मागे झालं. ते अजून संपलेलं नाही, आणि ते अर्धवट टाकून तू निघून गेलीस याचा मला जेवढा राग आहे तेवढा सरांचाही नाही. सरांकडून माझी काही अपेक्षाच नव्हती.

"तू एवढ्यात वाकलीस?" मी म्हटलं. "भांडायचं तरी. वर्तमानपत्रात देऊ, विद्यापीठात जाऊ."

"जाऊ. तोवर परीक्षा होईल. प्रणालीचं वर्ष गेलं की तिचा बाप तिला टपरीवर बसवणार. आणि टपरीवर बसलेल्या पोरीचं काय होतं? पुढच्या मे महिन्यात लग्न."

"म्हणजे एका पोरीसाठी वराळ्यातल्या खालच्या मजल्यांवरच्या सगळ्या घरांना पाण्यात घालायचं?"

"पाण्यात मी नाही घालत, शहाणे. इमारत मी नाही बांधली."

"रेघ तुझी नव्हती, नंदा. पाण्याची होती. ती पुसायचा तुला अधिकार नव्हता."

तेव्हा तू ते बोललीस, जे मी रोज उलटसुलट करून बघते. तू म्हणालीस, "पाण्याला माझ्या रेघेची गरज नाही. ते परत येईल आणि स्वतःची काढून जाईल. या मुलीचं वर्ष परत येणार नाही."

मी म्हटलं, "हे शिक्षकाचं बोलणं नाही, भित्र्या माणसाचं आहे."

तू कप खाली ठेवलास. "असेल," म्हणालीस, आणि तासाला गेलीस.

मला मी चुकले असं वाटत नाही. तू गेलीस म्हणून तू बरोबर ठरत नाहीस. मेलेल्या माणसाला सगळे वाद जिंकू द्यायची आपल्याकडे रीत आहे, ती मी पाळणार नाही. नदीकाठी खालच्या मजल्यावर कुणी कर्ज काढून घर घेत असेल, त्याला त्या भिंतीवरून कळणार होतं. आता नाही कळणार. हे एका मुलीच्या वर्षापुढे लहान आहे का? तूच सांग. नाही सांगू शकत. बघ, हाच राग आहे.

अभियानाच्या दिवशी मी बसमधून तुम्हाला पाहिलं. गोठ्याच्या भिंतीपाशी प्रणाली रोलर फिरवत होती आणि तू शेजारी उभी राहून डिस्टेंपरची बादली धरली होतीस, दोन्ही हातांनी, जड असल्यासारखी. मुलांच्या अंगावर 'स्वच्छ मावळ' लिहिलेले टीशर्ट. तू मात्र नेहमीच्या सुती साडीत, पदर खोचलेला. मी खिडकीतून तोंड फिरवलं. तू मला पाहिलं नाहीस, किंवा पाहिलंस आणि हाक मारली नाहीस. दोन्ही तुला शोभेल.

त्यानंतर आपण बोलायचो. "चहा?" "घेते." "पेपर तपासले?" "राहिलेत थोडे." नुसत्या ओळखीची माणसं बोलतात तसं. वीस वर्षं एका कपाटाचे दोन कप्पे वापरलेल्या बायका.

आणि मग तो रविवार.

ताईने फोनवर सांगितलं ते मी तसंच लिहिते. दुपारी जेवण झाल्यावर तुझ्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका कुसगावात, तुझ्या घरी, वेळेवर आली. तुला घेऊन निघाली आणि लोणावळ्यात अडकली. जुलैतला रविवार, पाऊस बघायला आलेल्यांच्या गाड्या, एकीत गाणी, दुसरीच्या छतातून बाहेर आलेला एक माणूस हातात भाजलेलं कणीस घेऊन. भोंगा वाजत होता. त्या माणसाने मोबाइल काढून रुग्णवाहिकेचं चित्रण केलं. बाजूला व्हायला जागाच नव्हती, हे ताई दोनदा म्हणाली, जणू त्या लोकांची बाजू तिलाच मांडायची होती. चिक्कीच्या दुकानासमोर तुझा श्वास थांबला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर.

धारणक्षमता. प्रकरण चौथं. एखाद्या जागेला किती माणसं झेपतात. तू दरवर्षी हे प्रकरण लोणावळ्याच्या रविवारावरून शिकवायचीस. मुलांना उड्डाणपुलावर उभं करायचीस आणि म्हणायचीस, मोजू नका, नुसतं बघा. अकरा गुणांचा प्रश्न असायचा त्यावर, आणि मुलं तो पर्यायात सोडून द्यायची.

लोक मला म्हणतात, नियती बघा कशी. मला नियती दिसत नाही. मला गाड्या दिसतात. ज्या वाहनतळांना, ज्या बंगल्यांच्या रांगांना, ज्या 'व्ह्यू'वाल्या हॉटेलांना परवानग्या मिळत गेल्या त्या दिसतात, आणि त्या देणाऱ्या माणसांच्या सह्या मी पाहिलेल्या नसल्या तरी त्यांचे सत्कार पाहिलेत. त्यातल्या एका सत्काराला तूही होतीस. 'पर्यटनातून समृद्धी'. शाल त्यांना, श्रीफळ त्यांना, आभारप्रदर्शन तुझ्याकडे. आभार मानताना तू म्हणाली होतीस, "साहेबांच्या प्रयत्नांमुळे आज लोणावळ्यात पाय ठेवायला जागा नाही." टाळ्या पडल्या होत्या. साहेबांनीही वाजवल्या होत्या.

बघ, रागाने लिहायला बसले आणि हसू आलं. हे तुझंच. मला तू काय दिलंस असं कुणी विचारलं तर मी वसुंधरा वगैरे म्हणणार नाही. तू मला भिंती बघायला शिकवलंस. आता मी कुणाच्याही घरी गेले की आधी भिंत बघते, कुठपर्यंत पोपडे आहेत, कुठपर्यंत रंग वेगळा आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी नवीन खोड लागणं ही काही लहान गोष्ट नाही. ती मी तुला कधी सांगितली नाही, कारण आधी आपण थट्टा करत होतो आणि नंतर पेपरांबद्दल बोलत होतो.

आता पुढचं ऐक, कारण हे तुला कुणी सांगणार नाही.

तळमजल्यावरच्या जुन्या वाचनालयाच्या खोलीत 'शाश्वतता केंद्र' निघालंय, आणि त्याला तुझं नाव दिलंय. होय, तीच खोली, ओढ्याकडची. उद्घाटनासाठी समोरच्या भिंतीवर तुझा तोच सभेतला फोटो लावायचा ठरला. पण त्या भिंतीला ढालींचं कपाट होतं, 'हरित महाविद्यालय'वालं, आणि कपाटाच्या वर त्याच पुरस्काराचं मोठं मानपत्र, खिळ्याला. मानपत्र उतरवलं, ते सोपं होतं, खिळाही ओल्या भिंतीतून त्याच्याबरोबर निघून आला. कपाट हलवायला शिपाई पांडूभाऊ, दोन मुलं आणि प्रणाली लागले. हो, प्रणाली. तिचं वर्ष वाचलं, आता ती शेवटच्या वर्षाला आहे. लग्न ठरलेलं नाही. हे तुझ्या बाजूने नोंदवून ठेवते.

कपाट सरकलं आणि मागे तांबडी रेघ निघाली.

तुला आठवते का? पहिल्या वर्षीची, सगळ्यात पहिली. गावात जायच्या आधी सराव म्हणून तू मुलांकडून कॉलेजातच मारून घेतली होतीस. रखवालदार, कॅन्टीनच्या मावशी आणि ग्रंथालयातले जोशी, तिघांना वेगवेगळं विचारलं आणि तिघांनी एकच जागा दाखवली होती. रेघ या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत होती. मग तिच्यापुढे ढालींचं कपाट आलं, आणि नंतर खोलीला रंग लागला तेव्हा उरलेली झाकली गेली. कपाट मात्र ढालींनी इतकं जड झालेलं की ते कुणी हलवलं नाही. पर्यावरणाच्या बक्षिसांनी निदान एवढं रक्षण केलं.

प्रणाली म्हणाली, "मॅडम, आपली रेघ."

तेवढ्यात सर आले. "हा डाग कसला?"

"डाग न्हाई सर, पाणी," प्रणाली म्हणाली. एरवी ती तुझ्यासारखं 'नाही' म्हणते. त्या क्षणी घरचं आलं.

सर भिंतीजवळ आले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, माणूस म्हणून. ते बोलले. "पांडुरंग, उद्यापर्यंत रंग मारून घ्या."

पांडूभाऊंनी भिंतीवर तळवा ठेवला, हात उलटा करून ओल दाखवली. "सर, ह्या हवेत डिस्टेंपर वाळत न्हाई. पोपडं धरंल. दिवाळीनंतर बगू."

मावळात जुलैत भिंत रंगवता येत नाही. हा तुझ्या विषयातला एकमेव सिद्धांत, जो प्राचार्यांना मान्य करावा लागला.

ते गेल्यावर प्रणाली तिथेच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "बाकीच्यापण मला म्हाईत आहेत, मॅडम."

"बाकीच्या कुठल्या?"

"रेघा. वराळ्याची, कुसगावची, सगळ्या. पुसायला मीच होते ना. कदम मॅडम प्रत्येक ठिकाणी म्हणायच्या, नीट बघून पूस गं, कडेनं पूस. तवा मला राग यायचा, एवढं काय नीट पुसायचं. आता डोळं झाकून दाखवीन कुठं होती ते."

नंदा, हे तू ठरवून केलंस का? बादली धरून उभी होतीस तेव्हा तुझ्या मनात हे होतं का, की तू नुसतीच व्यवस्थित बाई होतीस, भांडी घासतानाही कडेने घासणारी? मला हे आता कधीच कळणार नाही. तुला बरोबर ठरवायला लोकांना ही गोष्ट फार आवडेल, म्हणून मी ती स्मरणिकेत लिहिणार नाही. मी चुकले असंही म्हणणार नाही. पुसलेल्या भिंतीपाशी उभं राहून घर बघणाऱ्याला प्रणालीची पाठ असलेली रेघ दिसत नाही. एवढ्यावर मी ठाम आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "राहा."

रेड ऑक्साइडचा डबा मात्र मी आणलाय. आपल्या कपाटात ठेवलाय, खालच्या कप्प्यात, तुझ्या. प्रणाली लगेच निघायला तयार होती. पण त्या रंगालाही हीच हवा आहे, तोही दिवाळीआधी वाळणार नाही. आणि या वेळी परवानगी लेखी घेणार आहोत, प्रत्येक घराची, इंग्रजीत आणि मराठीत, म्हणजे सरांना चहा मागवायची वेळ येणार नाही. गोठ्याचा मालक म्हणालाय, "रेघ मारा, पर ह्या टायमाला जरा जाड मारा." तोवर पाणी आलं तर तू म्हणालीस तसं ते स्वतःची काढून जाईल, आणि मग आपला वाद तू जिंकशील, आणि मला तो तसा जिंकलेला नको आहे.

उद्घाटन परवा झालं. रिबन कापली, दिवा लावला, तुझ्या नावाची पाटी उघडली, त्यात 'शाश्वतता'मधला एक 'त' लिहायचा राहिलाय. फोटोसाठी वर नवीन खिळा ठोकायचा होता, पण ड्रिल जिमखान्याच्या खोलीत होतं आणि किल्ली सापडली नाही. म्हणून पांडूभाऊंनी तुला कपाटामागच्या एका जुन्या, खालच्या खिळ्याला लावलं.

रेघ तुझ्या डोक्याच्या वीतभर वरून जाते. माझी बोटंही खालीच आहेत.